महागडा टॉर्च घडवून घेताना: आधी झोत, मग सेल, मग हिशेब, धातू त्यानंतर

“टायटॅनियमचा घेऊ की तांब्याचा?” घडवून घेतलेल्या टॉर्चची ओढ लागलेली जवळजवळ प्रत्येक व्यक्ती मला हाच प्रश्न पहिला विचारते. तोवर बहुतेक वेळा आगाऊ रक्कम भरून झालेली असते. काही महिन्यांनी पार्सल येतं. टॉर्च देखणा असतो, पण दोन मिनिटांत हातात धरवत नाही इतका तापतो, नाहीतर झोत इतका अरुंद निघतो की पायाखालची वाटच दिसत नाही. मग तो कपाटात जातो आणि एवढे पैसे का घातले याची कारणं शोधणं त्यानंतर सुरू होतं.

चूक आवडीत नाही, क्रमात आहे. धातू ही शेवटाकडे ठरवायची गोष्ट आहे आणि खर्चाचं समर्थन पैसे देण्याआधी करायची. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. मधली पायरी गाळली तर पुढची चुकते, म्हणून सलग वाचा.

एक शब्द आधी स्पष्ट करते. आपल्याकडे अख्ख्या टॉर्चलाही ‘बॅटरी’ म्हणतात आणि आत घालतो त्यालाही. इथे टॉर्च म्हणजे पूर्ण वस्तू आणि सेल म्हणजे आतला सेल.

१. पंधरा दिवसांची वही

काहीही पाहण्याआधी पंधरा दिवस एक वही ठेवा. उजेडाची गरज पडली की चार गोष्टी लिहायच्या: कुठे, किती अंतरावरचं पाहायचं होतं, किती वेळ लागला आणि दुसरा हात मोकळा होता का. फोनचा उजेड वापरलात तरी नोंद करा. या काळात एखादा रात्रीचा ट्रेक किंवा गावाकडची फेरी झाली तर उत्तम.

माझ्या वहीत गाडीखाली पडलेली किल्ली, वीज गेल्यावरचा जिना, गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी आणि हरिश्चंद्रगडाची एक रात्र होती. गड सोडला तर सगळ्या नोंदी पाच मीटरच्या आतल्या निघाल्या. मी मात्र तोवर अर्धा किलोमीटर झोत टाकणाऱ्या टॉर्चची चित्रं पाहत होते.

पडताळा: निम्म्याहून जास्त नोंदींत हात मोकळा नसेल, तर तुम्हाला हातातला टॉर्च नको, कपाळावरचा दिवा हवा. तो आधी घ्या, साधाच घ्या, आणि मग या लेखाकडे परत या.

२. झोत आणि उजेडाचा रंग

जाहिरातीत लुमेनचा आकडा मोठा छापतात. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एका दिशेला किती एकवटला आहे ते कँडेला सांगतं. कँडेलाच्या आकड्याचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की छापील पल्ला मीटरमध्ये मिळतो. १०,००० कँडेला असतील तर २०० मीटर. पण त्या टोकाला ०.२५ लक्सच उरतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. समोर माणूस आहे की झुडूप हे ओळखायचं असेल तर निम्माच पल्ला धरा.

दोन गोष्टी नेहमी निसटतात. एक, उजेड दुप्पट भासायला लुमेन साधारण चौपट लागतात, त्यामुळे १,००० आणि १,३०० मधला फरक डोळ्याला कळतही नाही. दुसरी, एफएल१ या अमेरिकी मानकानुसार लुमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर तिसाव्या सेकंदापासून दोन मिनिटांच्या आत, आणि ‘इतके तास चालतो’ हा आकडा उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. म्हणून कारागिराला थेट विचारा: न तापता, न मंदावता सलग एक तास किती लुमेन देतो? घडवलेल्या छोट्या टॉर्चमध्ये हे उत्तर बहुतेक वेळा काही शे लुमेनच असतं आणि तेवढं पुरतं.

आता रंग. स्वस्त टॉर्चचा उजेड साधारण ६,५०० केल्व्हिनचा, निळसर असतो. जुन्या पिवळ्या बल्बचा २,७०० च्या आसपास, भर दुपारच्या उन्हाचा ५,००० ते ५,५०० च्या दरम्यान. माझी पसंती ४,५०० ला आहे. त्याहून महत्त्वाचा आकडा सीआरआयचा. वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. तो ९० च्या वर मागा आणि लाल रंगासाठी वेगळा असलेला आर९ हा आकडाही विचारा. जखमेतून रक्त किती येतंय, स्विचबोर्डातली लाल तार कोणती आणि तपकिरी कोणती, पाचोळ्यात पडलेलं काय आहे, हे सगळं लाल नीट दिसण्यावर अवलंबून असतं. निचिया कंपनीचा ५१९ए हा एलईडी या कामाला फार चांगला आहे. मी तीन टॉर्चमध्ये तोच बसवून घेतला.

इशारा: पावसाळ्यात सह्याद्रीत धुकं असतं. अरुंद, प्रखर झोत धुक्यात मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे रुंद झोत लागतो, मंद आणि कमरेच्या उंचीवरून जमिनीकडे वळवलेला.

पडताळा: पुढे जाण्याआधी पाहिजे तसा झोत देणारा एक साधा अ‍ॅल्युमिनियमचा टॉर्च घ्या. कॉन्व्हॉय एस२ प्लससारखा, ऑर्डर देताना एलईडी निवडता येईल असा, आणि महिनाभर वापरा. रोज हातात येत नसेल तर महागडाही येणार नाही.

३. सेल ठरवा, म्हणजे नळी ठरते

टॉर्चची लांबी-जाडी सेल ठरवतो. १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी. २१७०० म्हणजे २१ मिमी आणि ७० मिमी. १४५०० हा आपल्या पेन्सिल सेलच्या मापाचा, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टचा. साध्या पेन्सिल सेलवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये तो घातला तर टॉर्च जळू शकतो.

मी १८६५० कडे झुकते. ३,५०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) सेल ३.६ व्होल्टने गुणला की १२.६ वॉट-तास होतात. चांगला एलईडी आणि चांगला ड्रायव्हर (एलईडीला वीज मोजून देणारं सर्किट) मिळून वॉटमागे सुमारे १०० लुमेन देतात, म्हणजे ३०० लुमेनला ३ वॉट, म्हणजे चार तास. गडावरची एक रात्र एका सेलवर निघते, दुसरा खिशात ठेवायचा. या मापाचा सेल आजही सहज मिळतो, ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. वीस वर्षं वापरायची वस्तू दुर्मीळ सेलभोवती घडवून घेऊ नका.

इशारा: १८६५० वर ५,००० किंवा ९,९०० एमएएच छापलेलं असेल तर तो आकडा खोटा आहे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेलही नकोत. सेलच्या तळापासून बाजूच्या पत्र्यापर्यंत सगळं ऋण टोक असतं, म्हणून वरचं प्लास्टिक फाटलं की सेल बाद. आणि सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात कधीही नाही. तो प्लास्टिकच्या डबीतच.

सुरक्षा-पट्टी असलेला सेल ६८ ते ७० मिमीपर्यंत लांब होतो. नळी कोणत्या लांबीला धरून कापली आहे ते ऑर्डर देताना विचारून लिहून घ्या.

४. हिशेब: कामाचा कप्पा, आवडीचा कप्पा

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण गफलत इथे होते.

कागदावर दोन कप्पे करा. कामाच्या कप्प्यात एकच रक्कम येते: वहीतली सगळी कामं करणारा साधा, भरवशाचा टॉर्च, सेल आणि चार्जर मिळून कितीला पडतो. समजा ४,००० रुपये. आता घडवलेल्या टॉर्चची खरी किंमत काढा. कारागीर ३५० डॉलर मागतो, पाठवणावळ ४०. डॉलर ९० रुपये धरला तर ३५,१०० झाले. त्यावर सीमाशुल्क आणि आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. हे नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाहीत, पाठवणावळ आणि विमा धरून लागतात. दर बदलत राहतात, म्हणून ऑर्डरच्या दिवशीचा दर पाहायचा. अंदाजासाठी मी एकूण रकमेच्या निम्मे वर धरते. म्हणजे साधारण ५२,६५०. त्यातून कामाचे ४,००० वजा केले की आवडीच्या कप्प्यात ४८,६५० उरले.

हे ४८,६५० कामाच्या कप्प्यात ढकलायचे नाहीत. ‘अडीअडचणीला उपयोगी’, ‘पूर आला तर’, ‘बायकामुलांच्या सुरक्षिततेसाठी’ ही कारणं ४,००० च्या टॉर्चनेही पुरी होतात. घरचे इतके भोळे नसतात, त्यांना ते कळतं, आणि एकदा कळलं की पुढचा खरा मुद्दाही ते मानत नाहीत.

उरलेल्या रकमेला एकच खरं उत्तर आहे: मला घडवलेली वस्तू आवडते. लेथवर सरळ रेषेत उतरलेलं नर्लिंग (पकडीसाठीची खरखरीत नक्षी), मागची टोपी फिरवताना तेलकट गुळगुळीत बसणारे आटे, एका माणसाने शेवटपर्यंत नीट पुरं केलेलं काम. मिरजेला तंबोरा करून घेणारा माणूस तो भजनाला लागतो म्हणून घेतो, पण सगळे पैसे काही भजनासाठी मोजत नाही. भोपळा कसा निवडला, जवारी कशी लागली, यासाठी मोजतो. टॉर्चसाठीही तसं सरळ म्हणता आलं पाहिजे. म्हणता येत नसेल तर घेऊ नका.

तीन हिशेब मी ऐकून घेत नाही. ‘दहा वर्षांत दिवसाला चौदा रुपयेच पडतात’ हा भागाकार रोज वापरणाऱ्यालाच लागू होतो. कपाटातल्या टॉर्चला दिवस मोजता येत नाहीत. ‘ही गुंतवणूक आहे’ हेही नको. हवाईतल्या मॅकगिझमोसारख्या मोजक्या कारागिरांच्या कामाला जुन्या बाजारात मागणी असते, बाकीच्यांचा एलईडी जुना झाला की भाव उतरतो. आणि हप्त्यांवर घेणं तर अजिबात नको. आवडीचा कप्पा साठवलेल्या पैशातूनच भरायचा.

पडताळा: दोन्ही कप्प्यांचा कागद घरात ज्यांच्याशी पैशाची वाटणी आहे त्यांना दाखवा आणि तीस दिवस थांबा. आकडा बोलून दाखवताना तुमचा आवाज खाली जात असेल, तर रक्कम तुमच्या ऐपतीपेक्षा मोठी आहे. धातू बदला, कारागीर बदला, किंवा आणखी सहा महिने साठवा.

५. आता धातू

धातू निवडताना उष्णता पहिली पाहायची. चार एलईडींचा, मुठीत मावणारा टॉर्च पूर्ण ताकदीवर ४०–५० वॉट घेऊ शकतो. घरातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, यावरून कल्पना करा. ही उष्णता एलईडीपासून बाहेर नेणं हे धातूचं काम.

तांबं उष्णता वाहून नेतं ते मीटर-केल्व्हिनमागे सुमारे ३९० वॉट, ६०६१ अ‍ॅल्युमिनियम १६७, पितळ ११५–१२०. टॉर्चसाठी नेहमी वापरला जाणारा ग्रेड ५ टायटॅनियम जेमतेम ७. म्हणून टायटॅनियमच्या टॉर्चमध्ये डोकं तापतं आणि शेपटी गार राहते. तुम्हाला वाटतं टॉर्च गार आहे, आणि आत एलईडी भाजत असतो. टायटॅनियम हवाच असेल तर एलईडी ज्या बैठकीवर बसतो ती तांब्याची मागा आणि कमाल उजेड कमी ठेवायला सांगा. शिवाय टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की आटे ओरबाडतात, कधी कायमचे जाम होतात.

वजनाचं सोपं आहे: घन सेंटिमीटरला तांबं ८.९ ग्रॅम, पितळ ८.५, टायटॅनियम ४.४, अ‍ॅल्युमिनियम २.७. तांब्याचा १८६५० टॉर्च सदऱ्याच्या खिशात राहत नाही, खिसा लोंबतो. खिशात वागवायचा तर टायटॅनियम, टेबलावर किंवा सॅकमध्ये राहणार असेल तर तांबं, आणि पाऊस-चिखलात राबवायचा असेल तर अ‍ॅनोडाइज केलेलं (वर विजेने कठीण थर चढवलेलं) अ‍ॅल्युमिनियम. ते कमी देखणं म्हणून नाकारू नका. अ‍ॅरिझोनातल्या एचडीएसचा रोटरी अ‍ॅल्युमिनियमचाच आहे. मागची कडी फिरवून उजेड कमी-जास्त करण्याची त्याची सोय रोजच्या कामात फार हाताशी येते.

ट्रिटियमच्या चमकणाऱ्या नळ्या बसवून देतो असं कारागीर म्हणतात. ट्रिटियम किरणोत्सारी आहे आणि १२.३ वर्षांत त्याची चमक निम्मी होते. नुसत्या रिकाम्या खाचा मागा.

६. कारागीर आणि ऑर्डरचा कागद

यातले बरेच कारागीर एकटे काम करतात. ते आजारी पडतात, थांबतात, निवृत्त होतात. म्हणून टॉर्च दुसऱ्या कुणाला दुरुस्त करता येईल असाच घडवून घ्या. ऑर्डरच्या मजकुरात हे लिहून घ्या:

— डोकं आट्यांनी उघडतं, गोंदाने बंद केलेलं नाही
— एलईडीची चकती नेहमीच्या मापाची, १६ किंवा २० मिमी
— ड्रायव्हरचा व्यास आणि प्रकार
— काचेचा व्यास-जाडी आणि ओ-रिंगांची (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांची) मापं, शिवाय दोन जास्तीचे संच
— सलग चालण्याचा उजेड, दुसऱ्या पायरीत विचारलेला

आपल्याकडेही घडवून घेता येतो, आणि मला हा मार्ग आवडतो. भोसरीत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सुट्या नगांचं काम घेणारे टर्नर आहेत. साध्या टॉर्चचे आतले भाग घेऊन बाहेरची नळी त्यांच्याकडून करून घ्यायची. पहिला नग पितळेचा करा. पितळ लेथवर स्वच्छ कापलं जातं, तांबं चिकट असतं, हत्याराला ओढतं आणि आटे खराब होतात. मापं सांगू नका, मूळ भाग हातात द्या आणि त्याचेच आटे त्यावर बसवून पाहायला लावा. एलईडीची बैठक नळीच्याच अखंड धातूतून कापलेली हवी. माझ्या पहिल्या नगात ती वेगळी करून ठोकून बसवली होती. मध्ये केसाएवढी फट राहिली आणि टॉर्च मिनिटभरात मंद व्हायला लागला.

७. पैसे देणं आणि सोडवून घेणं

पेपालवर पैसे देताना ‘मित्र आणि कुटुंब’ हा पर्याय निवडला तर खरेदीदाराचं संरक्षण मिळत नाही. कारागीर सूट देतो म्हणाला तरी नको. संरक्षण असलं तरी तक्रार पैसे दिल्यापासून १८० दिवसांतच करता येते, आणि प्रतीक्षायादी कधी त्याहून लांब असते. म्हणून आगाऊ थोडीच रक्कम द्या आणि उरलेली रक्कम टॉर्च तयार झाल्याचा फोटो पाहून.

टॉर्च सेलशिवाय मागवा. लिथियम सेलना आपल्याकडे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे आणि हवाई मालात ते धोकादायक माल धरले जातात, त्यामुळे सेलसकट पार्सल अडकण्याची शक्यता वाढते. सेल इथेच, खात्रीच्या दुकानातून घ्या.

इशारा: पावतीवर किंमत कमी दाखवायला किंवा ‘भेटवस्तू’ लिहायला सांगू नका. ते खोटं निवेदन ठरतं, आणि पार्सल हरवलं तर विमाही त्या खोट्या किमतीएवढाच मिळतो. कुरियरला ओळखपत्र लागतं, ते आधी तयार ठेवा.

८. पेटी उघडल्यावर, याच क्रमाने

पेटी उघडतानाचं चित्रण करा, तक्रारीच्या वेळी तेवढंच उपयोगी पडतं. सेल लगेच घालू नका. आधी टोपी आणि डोकं उघडून आट्यांत लोखंडाचा किंवा तांब्याचा कीस राहिला आहे का पाहा. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, मग ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. व्हॅसलीन नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं.

सेल मीटरवर मोजा. ३.६ व्होल्टच्या आसपासचा, अर्धवट भरलेला सेल पहिल्या चाचणीला चांगला. धन टोक कोणत्या बाजूला ते पत्रकात पाहून घाला. सर्वांत मंद उजेड लावा आणि पांढऱ्या भिंतीवर झोत पाहा. मधला ठिपका गोल आणि मधोमध असावा, कडेला हिरवट झाक नसावी.

मग मल्टिमीटर. टोपी काढायची, मीटर १० अँपिअरच्या खाचेत, एक टोक सेलच्या तळाला आणि दुसरं नळीच्या उघड्या कडेला. मंद पायरीवरच मोजा, पूर्ण ताकदीवर मीटरचा फ्यूज उडेल. टॉर्चला इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर बंद स्थितीतला प्रवाहही बघा, मीटर मायक्रोअँपिअरच्या खाचेत घेऊन. तो मायक्रोअँपिअरमध्ये असला पाहिजे. काही मिलिअँपिअर निघाला तर सेल काही आठवड्यांत आपोआप रिकामा होईल, लगेच कळवा.

शेवटी पूर्ण ताकद, हातात धरून, घड्याळ लावून. किती सेकंदांत धरवेनासा होतो आणि त्याआधी ड्रायव्हर स्वतःहून उजेड कमी करतो का? करत नसेल तर टॉर्च परत पाठवायच्या लायकीचा आहे, मग तो कितीही देखणा असो.

९. रोजचा वापर

खिशात किंवा सॅकमध्ये टाकताना टॉर्च कुलूपबंद करा. बहुतेकांत टोपी पाव फेरा सैल केली की वीज तुटते. टोपीच्या आट्यांवर अ‍ॅनोडायझिंग नसेल तर हे होत नाही, आणि तांबं-पितळाला ते नसतंच, टायटॅनियमच्या आट्यांवरही सहसा नसतं. तिथे बटणाचं कुलूप वापरा. अँडुरिल २ या प्रणालीत (बऱ्याच टॉर्चच्या बटणामागचं सॉफ्टवेअर) बंद टॉर्चवर चार वेळा दाबलं की कुलूप लागतं. हे न केल्याने सॅकमध्ये कपडे जळल्याचं मी पाहिलं आहे.

पावसात टॉर्च उघडू नका. आत गेलेली दमट हवा काचेवर धुक्यासारखी बसते. तसं झालंच तर कोरड्या खोलीत सेल काढून, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात रात्रभर ठेवा. विमानात टॉर्चचे जास्तीचे सेल डबीत घालून हातातल्या सामानातच न्या, सामानकक्षात देता येत नाहीत. महिनोन्‌महिने वापर नसेल तर सेल बाहेर काढून ३.६–३.७ व्होल्टवर ठेवा, पूर्ण भरून नाही.

आणि तांब्याच्या टॉर्चबद्दल घरात स्पष्ट सांगून ठेवा. माझा तांब्याचा टॉर्च वर्षभर हाताळून गडद तपकिरी झाला होता, त्यावर माझ्याच बोटांच्या जागा दिसत होत्या. दिवाळीच्या आधी सासूबाईंनी देवाच्या तांब्या-पळीबरोबर तोही चिंचेने घासून लख्ख केला. त्यांनी प्रेमाने केलं, सांगायचं माझंच राहिलं होतं. रंग पुन्हा येतो, त्याला वर्ष लागतं एवढंच. पण चिंचेचा कोळ आट्यांत आणि टोपीच्या स्प्रिंगपर्यंत गेला होता आणि टॉर्च लुकलुकायला लागला. सगळे भाग सुटे केले, कोमट पाण्याने धुतले, अल्कोहोलने पुसले, दोन दिवस वाळवले, स्प्रिंग आणि ओ-रिंगा नव्या घातल्या. कारागिराकडून घेतलेला जास्तीचा संच त्या दिवशी कामी आला.